भुईला न टेकलेले इंजिन

मिरजोळे, रत्नागिरी
चैत्र वद्य नवमी, शके १८५३

तीर्थरूप रावजीमामांच्या पायांशी जावई धोंडू याचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी दोन हात नुकतेच तेलातून वर आले आहेत, म्हणून सध्या सहा अंगांचाच नमस्कार मानून घ्यावा. उरलेले दोन हात धुऊन समक्ष आल्यावर जोडीन.) इकडे सर्व क्षेम. आपला गुडघा वारा फिरला की दुखतो तो अजून तसाच दुखतो का? मामींच्या खोकल्याला अडुळशाचा काढा लागू पडला का? तांबू गाय व्याली का, परसातल्या रातांब्याने यंदा फळ धरले का, गोदा दूध नीट पिते का, तिने मान धरली का, तिचे जावळ अजून तसेच उभे राहते का, आणि आपल्या मचव्याची डागडुजी झाली का, हे सवडीने कळवावे. हे पत्र आपण रिवाजाप्रमाणे ओटीवर बसून मोठ्याने वाचणार, आणि मामी, कमळा व कुंपणापलीकडची मंडळी ते ऐकणार, हे ध्यानात धरूनच लिहितो आहे. म्हणून अक्षर मुद्दाम मोठे काढले आहे आणि कुणाची निंदा केलेली नाही.

आपले पत्र पोचले. मुलगी चौथ्या महिन्यात आली, अक्षय्य तृतीयेच्या आत मायलेकींना घेऊन जा, नाहीतर एकदा पाऊस लागून तुझी उतारूंची मोटार-सर्व्हिस बंद झाली की त्या दिवाळीपर्यंत जयगडलाच राहतील, असे आपण लिहिलेत. त्याखाली वेगळ्या शाईने, ‘मोटार दारात उभी दिसेल तेव्हा खरी,’ असेही लिहिलेत. हे वाक्य मला लागले. मामा, तुमच्या जावयाला आपली बायको आणि मुलगी घरी यायला नको आहे की काय? मी माजघरातल्या तुळईला पाळणा टांगून ठेवला आहे. दोरीवर माझा भरवसा नाही म्हणून साखळी लावली, साखळीवर नाही म्हणून मोटारीचे दोन बोल्ट लावले, आणि बोल्टांवर नाही म्हणून रोज सकाळी पाना घेऊन ते आवळतो. तो हलवून मात्र पाहता येत नाही, कारण रिकामा पाळणा हलवू नये म्हणून सोनूबाई दारातूनच ओरडते. (सोनूबाई म्हणजे आमची शेजारीण, माझ्या आईची मैत्रीण. डोळ्यांना आता फारसे दिसत नाही, पण मी पाळण्याला बोट लावले की तिला बरोबर दिसते.) त्यामुळे मी समोरच्या पाटावर बसून त्याच्याकडे नुसता पाहतो. दुपारी सड्याच्या माळावरून वारा आला की तो आपला आपण जरासा हलतो, आणि मग पाहता पाहता माझे जेवण थंड होते.

तर मोटारीचे. शिमगा झाल्यावर निवळीचा चढ चढताना तिच्या पोटातून ठोका येऊ लागला. आधी मला वाटले, मागच्या बाकावरचा कुणी उतारू कंटाळून पाय आपटतो आहे. दोनदा वळून पाहिले, तर मागे एक म्हातारा पाय वर घेऊन गाढ झोपलेला. मग ओळखले. आपण गलबतावरचे, म्हणून सोपे करून सांगतो. इंजिनाच्या पोटात एक जाड दांडा फिरतो. तो ज्या कड्यांत फिरतो त्या झिजल्या की दांडा सैल होऊन आतल्या आत आपटत राहतो. या कड्यांना बेरिंग म्हणतात. त्या नव्याने ओतून, खरवडून दांड्याच्या अंगासरशा बसवायच्या, तर इंजिन गाडीतून बाहेर काढावे लागते आणि खालचे तेलाचे भांडे सोडवून त्याचे पोट उघडे करावे लागते. इथवर सगळे मोटारीबरोबर आलेल्या पुस्तकात होते. पुढे एवढेच होते की, काढलेले इंजिन योग्य आधारावर ठेवावे. योग्य आधार कोणता ते लिहिणारा उद्या लिहू म्हणून जेवायला उठला असावा आणि मग ते राहून गेले असावे.

पोट उघडे असलेली, चार माणसांना न उचलणारी वस्तू ठेवायची कुठे, या विचारात मी काही दिवस काढले. भुईवर ठेवली तर पोटात माती जाणार, कुशीवर ठेवली तर नळ्या वाकणार. शेवटी अंगणात जांभ्याचे चिरे रचून दोन खांब उभे केले. लगेच इंजिन ठेवण्याइतका मी उतावळा नाही, हे आपण जाणताच. आधी खात्री करावी म्हणून सोनूबाईचे जाते मागून आणून वर ठेवले आणि बाजूला उभा राहून विडी पेटवली. विडी अर्धी झाली असेल नसेल, तोच वरच्या चिऱ्याचा कोपरा ढासळला. जाते अंगणात पडले, उभेच्या उभे गरगरत उताराला लागले आणि माडाच्या आळ्यात जाऊन बसले. ते अजून तिथेच आहे. सोनूबाई म्हणते, राहू दे, माडाला आवडलेले दिसते. मी मात्र त्या आळ्याकडे पाहत बराच वेळ उभा राहिलो. चिरा आतून पोकळ आहे हे बाहेरून कळत नाही, मामा. आपल्याला वाटते आधार आहे, आणि नसतो.

मग मला आमच्या केरूची आठवण झाली. केरू म्हणजे ग्रामदेवीच्या पालखीचा पुढचा खांदा. शिमग्यात पालखी खांद्यावर घेऊन नाचवणारे हे आठ जण, आणि त्यांचा म्होरक्या केरू. अवजड वस्तू न सांडता, न कलंडता कशी न्यावी, हे साऱ्या वाडीत यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार? नुसते मोटारीतून उचलून अंगणात आणायचे आणि गवताच्या पेंढ्यांवर अलगद ठेवायचे, एवढेच काम, म्हणून मी त्यांना बोलावले. दांडा म्हणून आपण लग्नात दिलेली जुन्या मचव्याची डोलकाठी काढली. (ती परसातल्या मांगराच्या छपराला आढे म्हणून दिली होतीत, पण आढे अजून बदललेले नाही. पाऊस लागण्यापूर्वी बदलीन.) इंजिनाच्या दोन्ही बाजूंना कान असतात, ज्यांवर ते गाडीत टेकून बसते. त्या कानांना काथ्याचा जाड दोर बांधून तो डोलकाठीला आवळला, आठ जणांनी खांदे लावले, केरूने हुंकार भरला आणि इंजिन मोटारीतून असे वर आले की मला क्षणभर वाटले त्याला वजनच नाही. अंगणाच्या मधोमध ते हवेत थांबले. खाली उन्हाचा एक तुकडा होता, त्यात त्याची सावली पडली. मी म्हटले, ठेवा.

कुणी ठेवीना. मी पुन्हा म्हटले. आठही जण एकमेकांकडे पाहू लागले. गुडघे वाकवायचे तर त्यांच्या मनात होते, पण गुडघे वाकेनात. त्या खांद्यांवर आजवर जे चढले ते कधी भुईला टेकलेले नव्हते. त्यांच्या बापांच्या खांद्यांवरचेही नाही. घाम पुसत केरू म्हणाला, “धोंडू, खांद्यावरचा भुईला टेकवायला आमच्या ढोपरांना सांगू नुको. ती आयकायची नायत.” हे काही तो हट्टाने म्हणाला नाही. त्याला स्वतःलाच नवल वाटत होते.

त्याच वेळी खालच्या आळीत लग्नघरी ढोल तापवत होते. वाजवणाऱ्याने कातडे ताणले की नाही ते पाहायला टिपरू मारले. एकदा, दोनदा, मग हात लागला म्हणून तो वाजवतच सुटला. मामा, यात कुणाचा दोष होता असे मला आजही वाटत नाही. आठ जणांचे पाय आपोआप हलू लागले. केरूचा खांदा खाली गेला, मागचा वर आला, डोलकाठी झुलली, तिच्याखाली इंजिन झुलले आणि बघता बघता ते कुंपणाच्या बेड्याच्या फाटकातून बाहेर पडून पाखाडीच्या दगडी वाटेला लागले. मी हातात पाना घेऊन मागून धावत होतो आणि थांबा म्हणत होतो, पण माझे थांबा ढोलाच्या तालात बसत होते, त्यामुळे नाच उलट रंगला. दुपार कलली होती. दोन्ही बाजूंना काजूचा वास, वर माडांची सळसळ आणि मधून माझे इंजिन हवेतून वाहत चालले होते. मोटार घेतल्यापासून ते इतक्या सुखाने कधी चाललेले नव्हते. ठोका नाही, धूर नाही. मी धावायचा थांबून पाहतच राहिलो.

सोनूबाई दारात आली. ढोल ऐकला, खांद्यावर काहीतरी येताना दिसले, मग शिमगा होऊन गेला की नाही याचा तिने विचार केला नाही. देवी पुन्हा आली तर तिचे काही काम असेल. तिने तांब्याभर पाणी आणून आठ जणांच्या पायांवर घातले, नारळ आणला, चाचपडत इंजिनाला हळदकुंकू लावले आणि पदर पुढे करून गाऱ्हाणे घातले. “आई माझे, ह्या धोंडूची बायको नि पोर पावसाआधी सुखाची घरला येऊ दे. त्याच्या हाताला बळ दे.” आठ जण एका आवाजात म्हणाले, “व्हय म्हाराजा.” खरे सांगायचे तर नववा आवाज माझा होता. पुढच्या घरांतल्या लोकांना चांगले दिसत होते, ते इंजिन आहे हे त्यांना स्वच्छ कळत होते. पण सोनूबाईने नारळ दिला आणि आपल्या दारातून ते तसेच परत जावे, हे कुणालाच बरे दिसेना. अशा रीतीने माझे इंजिन सगळी वाडी फिरून, माळा घालून, दिवेलागणीच्या आधी माझ्या अंगणात परत आले. आता तर प्रश्नच मिटला. ज्याच्यापुढे गाऱ्हाणे घातले ते भुईवर ठेवायचे कसे?

माणसे दमली होती. ती खांदे बदलत उभी होती आणि मी विचार करत होतो, आणि अशा वेळी मामा, मला आपण आठवलात. लग्नानंतर पहिल्या पावसाळ्यात आपण मला खाडीवर नेऊन मचवा वर ओढून ठेवलेला दाखवला होतात. मी मोठ्या हुशारीने एक ओंडका त्याच्या पोटाखाली सारला, तर आपण तो पायाने बाजूला केलात आणि म्हणालात, पोटाला टेकू देऊ नये, बरगडीला द्यावा. त्या वेळी मला तो अपमान वाटला होता. आता मी धावत जाऊन मांगरातले चार वासे आणले, दोन-दोन वासे वरच्या टोकाशी फुली करून काथ्याने करकचून बांधले, खालचे पाय फाकू नयेत म्हणून त्यांनाही आडवी दोरी बांधली, आणि पाय भुईत हातभर पुरले. अशा दोन घोड्या उभ्या राहिल्या. त्यांच्या फुल्यांत आपली डोलकाठी अलगद बसली आणि आठ जणांचे खांदे मोकळे झाले. इंजिन आपल्या दोन कानांवर लटकत राहिले, पोट उघडे, भुईपासून कमरेइतके उंच. त्याच्या दोन टोकांखाली, मधली जागा मोकळी ठेवून, मी चिरे रचले (या खेपेस ठोकून, आवाज ऐकून घेतलेले) आणि त्यांवर पेंढा घातला, इंजिनाला दोन बोटे कमी. म्हणजे दोर तुटलाच तर ते दोनच बोटे पडेल. मग मी एक नियम केला, तो आजपर्यंत मोडलेला नाही. रोज सकाळी आधी घोड्यांना खांद्याशी धरून जोराने हलवायचे. त्या हलल्या नाहीत, तरच त्यांच्या भरवशावर हात आत घालायचा.

आणि तेव्हापासून मामा, माझे दिवस फार वेगळे चालले आहेत. मी चटई टाकून इंजिनाच्या कडेला पडतो आणि त्याच्या उघड्या पोटात पाहत बेरिंग खरवडतो. पातळ पापुद्रा निघतो, दांड्याला शाई लावून पुन्हा बसवतो, कुठे टेकते ते पाहतो, पुन्हा खरवडतो. यात घाई चालत नाही. सोनूबाई सकाळी जास्वंदीचे फूल ठेवून जाते. (निरांजनही ठेवायची. पेट्रोल म्हणजे काय ते तिला समजावून मी निरांजन पाळण्याजवळच्या कोनाड्यात हलवले, आणि देवीला लांबूनही दिसते हे तिने मानले.) मग ऊन चढते, डोलकाठी किंचित कुरकुरते, आपला मचवा भरतीला कुरकुरतो तशीच. आणि मला डोळा लागतो. परवा स्वप्नात इंजिनाखालच्या घोड्याच निघून गेल्या आणि ते माडांच्या शेंड्यांवरून चालू लागले. त्यावर कमळा बसली होती, केसांत सोनूबाईचे फूल, आणि तिला उंचीची काहीच भीती नव्हती. मी मागे बसलो होतो, माझ्या हातांत काहीतरी गुंडाळलेले, फार हलके. खाली काजूची बने, मग कातळ, मग जयगडची खाडी आणि आपले घर दिसले. आपण ओटीवर पत्र वाचत बसला होतात. मी वरून विचारले, मामा, आता हे कुठे टेकवू? आपण मान वर करून काहीतरी सांगितलेत, पण वाऱ्याने ऐकू आले नाही. मी खूप वेळ विचारत राहिलो. जाग आली तेव्हा माझे दोन्ही हात छातीशी घट्ट धरलेले होते आणि त्यांत पाना होता.

तात्पर्य, काम नाजूक आहे. बेरिंग हे सावकाशीचे प्रकरण, त्यातून इंजिनाला देवपण आलेले, त्यामुळे अक्षय्य तृतीयेला मोटार दारात उभी करीन असा शब्द देण्याचे धाडस होत नाही. चार-आठ दिवस इकडे तिकडे झाले, किंवा पाऊस यंदा लवकर आला, तर आपण समजून घ्यावे. दिवाळी काही फार लांब नाही. कमळेला म्हणावे, पाळणा जागेवर आहे. मामींना नमस्कार, गोदेस आशीर्वाद, तांबूच्या पाठीवरून एकदा हात फिरवावा.

आपला आज्ञेतला जावई,
धोंडू

ता. क. — केरू व त्याचे सोबती यांनी आत्ताच येऊन बजावले आहे की, ज्या कारणासाठी गाऱ्हाणे घातले त्या कारणाला आम्ही जाणारच. तेव्हा मी जेव्हा येईन तेव्हा मोटारीत आठ माणसे आणि एक ढोल असेल. त्यांना सोडून येण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला. कोवळ्या फणसाची भाजी व भात एवढे पुरे, असे ते म्हणतात. परतीला ते चालत येतील.

दुसरा ता. क. — मामा, इथून पुढचे कृपा करून मनात वाचावे. ऐकणाऱ्यांना, जावई पावसापाण्याची चौकशी करतो आहे असे सांगावे.

इंजिन गेल्या बुधवारच्या आधीच्या बुधवारपासून मोटारीत आहे. ठोका गेला. मोटार इतकी गोड चालते की मी तीनदा आपल्याकडे यायला निघालो आणि तिन्ही वेळा निवळीच्या नाक्यावरून वळवून परत आणली. आता अंगणात घोड्यांवर नुसती आपली डोलकाठी आहे आणि मी उगीच तिच्याजवळ चटई टाकून पडतो. बारशाला मी सारखा विहिरीवर हात धुवायला जात होतो हे आपण पाहिलेत. मामी दोनदा गोदेला घेऊन पुढे आल्या आणि दोन्ही वेळा मी म्हटले, हात काळे आहेत. मामा, ती एवढीशी आहे. तिची मान अशी मागे जात होती. इंजिनाला कान आहेत, मचव्याला बरगड्या आहेत. तिला कुठे धरतात ते मला ठाऊक नाही, आणि पुस्तकात नाही. घरी आम्ही तिघेच असू, कमळा विहिरीवर गेली आणि ती रडली, तर मी काय करणार? या एका विचाराने मी मोटार परत वळवतो. आणि घरी येऊन पाळण्यापुढे बसलो की वाटते, आत्ताच्या आत्ता जावे. मला त्या दोघी घरी हव्या आहेत, मामा. दिवाळी फार लांब आहे. वर लिहिले आहे ते खरे मानू नये.

म्हणून एक मागणे आहे. मी अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी सकाळी निघतो. केरूला पुढे बसवतो, म्हणजे मोटार वळवता येणार नाही. आल्या आल्या सगळ्यांदेखत तिला माझ्या हातांत देऊ नये. मंडळी भाताला बसली की मला आतल्या खोलीत न्यावे आणि भुईवर बसवावे, खाली गोधडी असावी. आपण माझ्या डाव्या अंगाला बसावे, मामींनी उजव्या. मग आपण मला खांद्याशी धरून एकदा जोराने हलवून पाहावे. मी हललो नाही, तर तिला माझ्याकडे द्यावी.